नीमा पारखाची कलमबंदी : वसाहतीच्या कौलाचा एक नमुना

जुन्या दप्तरांत ‘कौल’ या सदराखालीं मोडणारे कागद विपुल सांपडतात. संग्राहकांचें लक्ष बहुधा अशा कागदाच्या मायन्याकडे, मितीकडे व शिक्क्याकडे जातें. या तीन गोष्टी टिपून झाल्या कीं कागदाचें काम संपलें असें समजून तो बस्त्यांत परत बांधला जातो. मधल्या मजकुरांतील अटी ठराविक सांच्याच्या म्हणून वगळल्या जातात. वास्तविक कौलाचा जीव या अटींतच असतो. नवी वस्ती कोणी करावी, कोणत्या सवलतीवर करावी, सरकारानें काय सोडावें व काय राखून ठेवावें, याचा सारा हिशेब तेथेंच असतो. प्रस्तुत लेखांत अशा अटींच्या एका जुन्या यादीचा व तिला मिळालेल्या उत्तराचा विचार करावयाचा आहे. ही यादी मराठी दप्तरांतील नव्हे. ती इंग्रज कंपनीच्या मुंबई-सुरतेच्या पत्रव्यवहारांत आलेली आहे. परंतु तिचा घाट आपल्या कलमबंदी याद्यांशीं इतका जुळतो कीं दोहोंचा विचार एकत्र केल्यावांचून कोणाचाही अर्थ पुरता उलगडत नाहीं.

प्रथम आपल्याकडील पद्धति थोडक्यांत सांगतों. उजाड गांव किंवा नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकारांतून कौल देण्यांत येई. ओसाड जमिनीस इस्तावा मिळे; म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र सारा घेऊन तो वर्षोवर्षीं चढवीत पूर्ण आकारास नेला जाई. पेठेच्या बाबतींत नव्यानें घर बांधणारास कांहीं वर्षें करांची माफी, वेठबेगारीपासून सुटका, व पेठेचा कारभार पाहण्यास शेटे-महाजन, अशी योजना असे. पुण्याच्या कित्येक पेठा अठराव्या शतकांत याच मार्गानें भरल्या. जीवाजीपंत खासगीवाले यांचें नांव शुक्रवार पेठेशीं जोडलेलें आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ सदाशिव पेठ झाली. आज रास्ता पेठ म्हणतात ती पूर्वीं शिवपुरी होती, व भवानी पेठेचें जुनें नांव बोरवन. नांवें बदललीं, तरी वसाहतीचा मूळ मंत्र एकच होता : येणारास अभय आणि सवलत, राज्यास कालांतरानें उत्पन्न.

आतां मुंबईकडे वळूं. इ. स. १६६१ च्या विवाहाच्या तहान्वयें पोर्तुगीजांनीं मुंबई बेट इंग्लंडच्या राजास देऊं केलें, व १६६८ मध्यें राजानें तें सालिना दहा पौंड खंडानें कंपनीच्या हवालीं केलें. बेट हातीं आलें, परंतु भांडवलवाले व्यापारी त्यावर नव्हते. जेराल्ड आंजियर हा १६६९ पासून गव्हर्नर असतां त्यानें ही उणीव ओळखून व्यापाऱ्यांस मुंबईस आणण्याचा उद्योग आरंभिला. जमिनीच्या मालकीचे तंटे मिटविण्यासाठीं १६७२ मध्यें त्यानें बेटांतील जमीनधारकांशीं ठराव केला. त्यान्वयें त्यांनीं कंपनीस दरसाल वीस हजार झेराफिन द्यावे व त्यांच्या जमिनी त्यांजकडे निर्वेध चालाव्या असें ठरलें. या ठरावाची आठवण पुढें उपयोगी पडेल.

अशा स्थितींत १६७७ मध्यें दीव बंदरचा मोठा वाणी व्यापारी नीमा पारख यानें मुंबईस येऊन राहण्याची इच्छा कळविली व आपल्या अटी दहा कलमांत मांडल्या. त्यांचा सारांश असा. शहरांत किंवा शहराजवळ घर व वखार बांधण्यापुरती जमीन कंपनीनें बिनभाड्यानें द्यावी. आपणांस व आपल्या जातीच्या लोकांस आपापल्या घरीं धर्माचरण निर्वेध करतां यावें. आपल्या आवारांत इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती किंवा मुसलमान यांनीं राहूं नये व तेथें जीवहत्या करूं नये. प्रेतदहन व विवाहविधि आपल्या रीतीप्रमाणें करतां यावे. कोणत्याही वयाच्या, स्त्री वा पुरुष, कोणासही बळानें ख्रिस्ती करूं नये, किंवा इच्छेविरुद्ध ओझें वाहावयास लावूं नये. चौकीपहाऱ्याचें काम माफ असावें व सक्तीनें कर्ज मागूं नये. दावा उत्पन्न झाल्यास आगाऊ सूचना दिल्यावांचून चारचौघांत अटक करूं नये. जातींतील तंटे जातींत तोडूं द्यावे. आपलीं जहाजें नांगरपट्टी न देतां यावीं-जावीं. बारा महिन्यांत न खपलेला माल निर्गत जकातीवांचून परत नेतां यावा. ऋणकोचें दिवाळें निघाल्यास इतर वाण्यांच्या आधीं आपलें येणें वसूल व्हावें. युद्धप्रसंगीं माल व कुटुंब ठेवण्यास किल्ल्यांत वखार मिळावी. गव्हर्नराच्या भेटीस गेल्यास योग्यतेप्रमाणें बसावयास मिळावें. घोडा, पालखी, छत्री वापरतां यावी. नारळ, सुपारी, पान इत्यादि मक्त्यानें न दिलेले जिन्नस विकतां यावे.

वरवर पाहतां हीं एका श्रीमंताच्या मानपानाचीं कलमें दिसतील. परंतु तो कोठून येत होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रत्येक कलमामागचा अनुभव स्पष्ट होतो. दीव १५३५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. पोर्तुगीज राज्यांत अनाथ हिंदु मुलें ताब्यांत घेऊन त्यांस ख्रिस्ती धर्मांत वाढविण्याचा हुकूम १५५९ चा आहे. ‘कोणत्याही वयाच्या’ हे शब्द कलमांत कां आले याचें उत्तर येथें मिळतें. बाप मरतांच मूल दुसऱ्याचें होईल ही भीति त्यामागें होती. तसेंच १६६८ मध्यें मस्कतच्या अरबांनीं दीव लुटलें होतें. तेव्हां किल्ल्यांतील वखारीची मागणी ही चैनीची नव्हे, नऊ वर्षांपूर्वींच्या लुटीची ती आठवण आहे. अट म्हणजे बहुधा मागील दुःखाचा पुरावा असतो, हें तत्त्व कौल वाचणारानें विसरूं नये.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा, तो म्हणजे मुंबईकर अधिकाऱ्यांचें उत्तर. त्यांनीं कलमवार विचार केला. पहिल्या कलमास हरकत नव्हती. कंपनीजवळ जमीन पुष्कळ होती व इतरांसही ती तशीच मिळत असे. दुसऱ्या कलमास त्यांचें उत्तर मार्मिक आहे. धर्माचरणाची मोकळीक येथें सर्वांसच आहे. वाणी लोक आपापलीं प्रेतें निर्वेध जाळतात. ते आपली वस्ती करून निराळे राहतात व त्यांच्याजवळ कोणास जीवहत्या करूं दिली जात नाहीं. मालकाच्या परवानगीवांचून कोणी कोणाच्या आवारांत शिरूं शकत नाहीं. बळानें कोणास ख्रिस्ती केलें जात नाहीं, आणि इच्छेविरुद्ध ओझींही वाहावयास लावीत नाहींत. तिसरें कलम मात्र त्यांनीं एका शर्तीवर मान्य केलें. चौकीपहारा वाणी, ब्राह्मण इत्यादींस माफच आहे. परंतु जो कोणी नारळीची वाडी किंवा शेत विकत घेईल त्यास जमिनीच्या मानानें संकटकाळीं बंदूकवाला शिपाई पुरवावा लागेल. जमीन न घेतल्यास हें ओझें नाहीं.

या तीन उत्तरांत मंजुरीचे तीन प्रकार दिसतात : निखालस मान्य, मान्य, पण विशेष हक्क म्हणून नव्हे, सर्वांच्या हक्कांत मोडतें म्हणून, आणि शर्तीनें मान्य. यांपैकीं दुसरा प्रकार विचार करण्यासारखा आहे. नीमा पारखानें आपल्या आवारांत परधर्मीयांस राहण्याची बंदी मागितली. अधिकाऱ्यांनीं तशी बंदी शब्दांत दिली नाहीं. तिच्या जागीं प्रत्येक मालकाचा आपल्या आवारावरील सामान्य हक्क पुढें केला. मागणाराचें काम झालें, पण राज्यानें एका जातीस दुसऱ्याविरुद्ध सनद लिहून दिली नाहीं. कृपा म्हणून मागितलेली गोष्ट कायदा म्हणून दिली, कीं कायदा म्हणून असलेली गोष्ट कृपा म्हणून विकली, यांवर त्या शहराचें पुढील स्वरूप ठरतें. अर्थात अधिकाऱ्यांचा हेतु केवळ उदार होता असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांस व्यापारी हवा होता आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकास निराळी सनद देण्याचा पायंडा नको होता.

तिसऱ्या कलमांतील शर्तीचा संबंध वर सांगितलेल्या १६७२ च्या ठरावाशीं आहे. त्या ठरावानें जमीनधारक व राज्य यांचें नातें बांधलें गेलें होतें. व्यापाऱ्यास सूट देतांना जमिनीवरचें ओझें सुटूं नये, नाहीं तर शेतवाड्या वाण्यांच्या नांवें होऊन बेटाचें रक्षण उघडें पडेल, ही काळजी त्यांत दिसते. सवलत माणसास, बोजा जमिनीवर, अशी ही वांटणी आहे. आपल्याकडील कौलांतही वतनाच्या जमिनीबरोबर तिची चाकरी जाई. त्यामुळें ही कल्पना मराठी वाचकांस अपरिचित नाहीं.

घाटाचें साम्य आतां सांगतां येईल. पेशवाईंतील कलमबंदी यादींत मागणाराचीं कलमें एकाखालीं एक लिहिलेलीं असत व प्रत्येकाखालीं सरकारचा करार नमूद होई. वेठीची माफी, जकातीची सूट, जातींतील तंटा जातींत तोडण्याची मुभा, हीं नीमा पारखाचीं कलमें मोडींत उतरविलीं तर कोणत्याही पेठेच्या कागदांत सहज खपून जातील. उणीवही दोहोंकडे तीच. रस्ता किती रुंद असावा, घराची उंची किती, सांडपाणी कोठें जावें, जवळच्या जुन्या रहिवाशांचें काय, यांविषयीं नीमा पारखाच्या कलमांत अक्षर नाहीं. पेठेच्या कौलाचा भरही माणूस व महसूल यांवरच. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला, व आज महाराष्ट्रांत चालतो तो १९६६ चा. या कायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें बांधकामाच्या अर्जावर परवानगी बिनशर्त देतां येते, शर्तींवर देतां येते किंवा नाकारतां येते. जुन्या कागदांत मागणारा अटी घालीत असे. आतां अटी घालणारें राज्य आहे. वसाहत करणारा दुर्मिळ होता तेव्हां त्याचा शब्द चाले. जमीन दुर्मिळ झाली तेव्हां पारडें फिरलें.

याच १६७७ सालीं जून महिन्याच्या ३० तारखेस आंजियर सुरतेस वारला. परंतु व्यापाऱ्यांस अभय देऊन शहर वाढविण्याचें त्याचें धोरण पुढें मुंबईस फळास आलें. ज्यांच्या संग्रहीं पेठांचे, बाजारांचे किंवा गांवठाणांचे कौल असतील त्यांस एवढीच विनंति कीं नक्कल करतांना अटींचीं कलमें व त्यांखालील करार गाळूं नयेत, आणि मूळ अर्ज एका रुमालांत व उत्तर दुसऱ्या रुमालांत असल्यास दोन्हीं जुळवून एकत्र ठेवावीं. एकट्या कौलावरून सरकारनें काय दिलें एवढेंच समजतें; लोकांनीं काय मागितलें, व कोणती भीति मनांत ठेवून मागितलें, हें अर्ज हातीं आल्यावांचून कळत नाहीं.