परदेशी उपचार आणि त्याआधीची सही

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या अनाथ मुलावर परदेशात उपचार व्हावेत असे स्वयंसेवकाच्या मनात आले, की तो आधी पैशाच्या मागे लागतो. विमानभाडे, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, देणगीदारांची यादी. माझ्या मते पैसा हा बहुधा या वाटेवरचा शेवटचा अडथळा असतो. उशिरा झालेले निदान आणि मुलाच्या वतीने सही कोणी करायची हा प्रश्न, हे दोन अडथळे त्याच्या फार आधी येतात. ते दोन्ही तालुक्यातच सोडवावे लागतात.

निदानापासून सुरुवात करू. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे, अशी रचना आहे. पण ज्या मुलाचे नाव कोणत्याच पटावर नाही, ते या जाळ्यातून निसटते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात हंगामात ऊसतोडीच्या कोप्या पडतात. त्यांतली मुले इथल्या अंगणवाडीत कायमची नसतात आणि गावाकडच्या अंगणवाडीतही हजर नसतात. अशा मुलाचे आई-बाप गेले आणि ते आजीकडे किंवा मामाकडे राहिले, तर तपासणीला त्याला नेणार कोण?

उशिराची किंमत वैद्यकीय असते. दुभंगलेला ओठ साधारण तिसऱ्या महिन्यापासून शिवता येतो. टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी, कारण नंतर बोलण्याला वळण लावणे अवघड जाते. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर लावून सरळ करता येते. यातल्या कशासाठीही परदेश लागत नाही. तीच गोष्ट पाचव्या-सहाव्या वर्षी लक्षात आली, की मोठी शस्त्रक्रिया, मोठे शहर आणि मोठी रक्कम यांची भाषा सुरू होते. परदेशात न्यायच्या कितीतरी प्रकरणांचे मूळ इथे असावे, असा मला दाट संशय आहे.

अनाथ मुलाच्या बाबतीत आणखी एक पोकळी असते. केस पेपरवरचा ‘कौटुंबिक इतिहास’ हा रकाना कोराच राहतो. आनुवंशिक आजारात ही उणीव महागात पडते. थॅलॅसेमियासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचे, तर सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड कुठे आहे हेच माहीत नसलेल्या मुलाला तो पहिला दरवाजा बंदच असतो. म्हणून मूल संस्थेत येते त्या आठवड्यातच गावातून, आशाताईकडून, प्रसूती झालेल्या दवाखान्यातून मिळेल ती माहिती लिहून घेणे, हे स्वयंसेवकाचे सर्वांत मोलाचे काम. त्याला कोणी देणगी देत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही.

आता सही. नोंदणीकृत संस्थेतल्या मुलामागे अधीक्षक आणि बाल कल्याण समिती असते. आजीकडच्या मुलामागे पुष्कळदा माया असते, कागद नसतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 56 सांगते, की सक्षम प्राधिकाऱ्याच्या वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणे किंवा त्याचा ताबा तिथल्या कोणाकडे देण्याच्या व्यवस्थेत भाग घेणे हा गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हा त्यावर बचाव होत नाही. सरपंचांचा दाखला आणि ट्रस्टचे लेटरहेड एवढ्यावर पासपोर्टची धावपळ करणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावे.

कायदा इतका कडक का, याला इतिहास आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, अशी तक्रार करणारे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्या. भगवती यांच्या 1984 च्या निकालाने आंतरदेशीय दत्तकाला शिस्त लावली. आजही विशेष गरजा असलेली कितीतरी मुले याच मार्गाने परदेशी घरात आणि तिथल्या उपचारांपर्यंत पोचतात, कारण आपल्याकडच्या इच्छुक पालकांना बहुतेक वेळा निरोगी तान्हेच हवे असते. हे कटू आहे, पण खरे आहे. या मार्गात दोन वर्षे प्रगती-अहवाल येत राहतात. नुसते उपचार करून परत आणलेल्या मुलासाठी मात्र असा पाठपुरावा कोणावरही बंधनकारक नसतो.

तिसरी वाट उलट दिशेची आहे: मूल इथेच आणि सर्जन विमानात. पंढरपूरला 1930 मध्ये जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि स्वतः चाकाच्या खुर्चीला खिळलेले असतानाही वर्षानुवर्षे भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे घेत राहिले. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरवली. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 मध्ये ते गेले. एका माणसाच्या प्रवासात शेकडो मुलांचे ओठ शिवून होतात, हा हिशेब कोणत्याही परदेशवारीपेक्षा सरस आहे. शिबिराची मर्यादाही आहे. टाके सुकतात, पण वाचा-उपचार महिनोन्महिने चालतात आणि शिबिराचा मांडव तेव्हा उठलेला असतो.

मग परदेश कधी? उपचार देशात कुठेच होत नाही असे त्या विषयाच्या तज्ज्ञाने लेखी दिल्यावर, आणि परतल्यानंतरची औषधे व तपासण्या कुठे होणार हे ठरल्यावर. त्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; शासकीय अनाथालयांतली मुले तिच्या लाभार्थ्यांत आहेत. पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखायच्या असतात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरहून पुणे सुमारे 140 किलोमीटर. दर महिन्याच्या तपासणीला ही खेप करणारा माणूस बहुतेक वेळा सापडत नाही.

आणि परदेशातल्या मराठी मंडळींनी पैसे पाठवायचे ठरवले, तरी ती विदेशी देणगी ठरू शकते. ती घेणाऱ्या संस्थेला केंद्राची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. विदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे तालुक्यातल्या छोट्या मंडळाने पुण्याच्या मोठ्या ट्रस्टच्या नावावर निधी मागवून नंतर आपल्याकडे घ्यायचा, हा जुना रस्ता बंद झाला. त्यापेक्षा आलेल्या रकमेचा भरणा त्या ट्रस्टनेच थेट रुग्णालयात करावा आणि मंडळाने मुलाची फाइल, गाडी व सोबतचा माणूस सांभाळावा, ही वाटणी सोयीची पडते.