संतमस : पुण्याच्या मुलाने नाव दिलेला दूरचा ग्रह

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. त्यांपैकी एकाचे नाव भारताने ठेवले आहे. मंडळातील मुलांसाठी व पालकांसाठी त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

नाव कसे पडले
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली सहभागी देशांना एकेक तारा व त्याचा ग्रह नामकरणासाठी मिळाला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचा क्रमांक एचडी ८६०८१. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ त्याला 'बिभा' हे नाव मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले, तसेच आपल्या राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रयोगांतही त्यांचा सहभाग होता. ग्रहासाठी 'संतमस' हे नाव पुण्याच्या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचवले. या संस्कृत शब्दातून ग्रहाचे ढगाळ वातावरण सूचित होते.

ग्रह कसा आहे
संतमसाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे दीडपट आहे. ताऱ्याच्या अगदी जवळ असल्याने त्याचे वर्ष दोन दिवसांहून थोडेसेच मोठे आहे. तो २००६ साली ताऱ्याच्या बारीक डोलण्यावरून सापडला.

वातावरण कसे ओळखतात
काही बाह्यग्रह आपल्या दृष्टीने ताऱ्यासमोरून जातात. तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाभोवतीच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू ठरावीक रंग शोषतो, त्यामुळे कोणता रंग कमी झाला यावरून वायू कळतो. या पद्धतीने हबल दुर्बिणीने २००१ साली एका ग्रहावर सोडियम, तर जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ साली दुसऱ्यावर कार्बन डायऑक्साइड ओळखला. उंचावर दाट ढग असतील तर मात्र या खुणा पुसट होतात. म्हणून 'ढगाळ' हे नाव या शास्त्रातल्या खऱ्या अडचणीवरही बोट ठेवते.

कोठे पाहावे
पाडव्याच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास मघा नक्षत्राचा ठळक तारा डोक्यावर असतो. त्याच्या दक्षिणेस बिभा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बेळगावच्या दिव्यांपासून दूर, निपाणीकडच्या शेतातून छोट्या दुर्बिणीने शोधता येईल. ग्रह मात्र दिसणार नाही.

नामकरणाची अशी संधी २०१५ व २०२२ सालीही जगभर देण्यात आली होती. पुन्हा आली तर आपल्या सीमाभागातील मुलांनीही नाव सुचवावे. त्यासाठी लागणारे शब्द आपल्या भाषेत आहेत आणि तेरा वर्षांचे वय पुरते, हे संतमसाने दाखवले आहे.