हिमालयातील हिमनद्या आणि ‘२०३५’चा वाद

पृथ्वी सध्याच्या गतीने तापत राहिली, तर हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००७च्या अहवालात होते. त्याच वर्षी समितीला अल गोर यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्याने अहवालाचा शब्द प्रमाण मानला जात होता.

वादाला तोंड फुटले ते नोव्हेंबर २००९मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला. हिमनद्या मागे हटत असल्या तरी त्यांची गती असाधारण नाही आणि त्याचा तापमानवाढीशी संबंध सिद्ध झालेला नाही, असा निबंधाचा सूर होता. आयपीसीसीचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘व्हूडू सायन्स’ अशी केली. ही भाषा पुढे त्यांच्याच अंगाशी आली.

२०३५ या सालाचा माग काढला असता तो एका पर्यावरणवादी संघटनेच्या २००५च्या अहवालापर्यंत आणि तेथून ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकातील १९९९च्या वृत्तापर्यंत पोहोचला. आधार शास्त्रीय शोधनिबंधाचा नव्हता. १९९६च्या युनेस्कोच्या एका प्रकाशनात तर जगातील ध्रुवेतर हिमनद्यांच्या संकोचासाठी २३५० हे साल दिलेले होते. २० जानेवारी २०१० रोजी समितीने जाहीर खेद व्यक्त केला. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या चाळणीतून असे विधान सुटावे, हे लाजिरवाणेच होते. मात्र चूक होती ती परिणामांविषयीच्या दुसऱ्या खंडातील. तापमानवाढीचे भौतिक पुरावे मांडणाऱ्या पहिल्या खंडात हे विधान नव्हतेच. संशयवाद्यांनी हा फरक सोयीस्करपणे नजरेआड केला.

रैना यांच्या मांडणीत तथ्य नव्हते असे नाही. दगडमातीच्या जाड थराखालील बर्फ सावकाश वितळतो आणि काराकोरममधील अनेक हिमनद्या दीर्घकाळ स्थिर राहिल्या आहेत. पण केवळ मुखाच्या स्थानावरून हिमनदीची प्रकृती कळत नाही. मुख जागेवर असतानाही वरचा बर्फ पातळ होत जातो.

कृती करावी की नाही, हा प्रश्न मात्र या वादावर अडून राहिला नाही. रैना यांचा निबंध प्रसिद्ध करणाऱ्या रमेश यांनीच ३ डिसेंबर २००९ रोजी, कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर, लोकसभेत भारताची उत्सर्जन-तीव्रता २००५च्या तुलनेत २०२०पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. दरडोई उत्सर्जन अल्प असताना भार आपण का उचलावा, हा विरोधकांचा सवाल होता आणि तो गैरलागू नव्हता.

काठमांडूस्थित ‘इसीमोड’ संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर नष्ट होईल. उत्सर्जन असेच चालू राहिल्यास दोन तृतीयांश. २०२३च्या अहवालात या संस्थेने आधीच्या दशकाच्या तुलनेत २०११ ते २०२० या काळात हिमनद्यांचा ऱ्हास ६५ टक्के अधिक वेगाने झाल्याचे नोंदवले. याची झळ सर्व नद्यांना सारखी बसणार नाही. मैदानातील गंगेचा प्रवाह मुख्यतः मोसमी पावसावर पोसला जातो. सिंधूचे खोरे मात्र वितळत्या बर्फावर कितीतरी अधिक विसंबून आहे.