ओहम : एक शाळामास्तर

ओहमचा नियम शिकवला नाही असा विज्ञानशिक्षक माध्यमिक शाळेत सापडणे कठीण. फळ्यावर विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचे समीकरण लिहायचे, दोन-चार उदाहरणे सोडवून घ्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, हा आपला नेहमीचा परिपाठ. पण हा नियम शोधणारा माणूस त्या वेळी आपल्यासारखाच शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवत होता आणि त्याने तो शाळेच्याच प्रयोगशाळेत शोधला, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

चांगला शिक्षक कोणाला म्हणावे, असे विचारले तर ठरलेली उत्तरे येतात : विषयाचे ज्ञान, मुलांविषयी जिव्हाळा, वक्तशीरपणा, स्वच्छ अक्षर. ही यादी चुकीची नाही. पण जॉर्ज सायमन ओहमचे चरित्र वाचताना या यादीत सहसा नसलेल्या एका गुणाकडे लक्ष जाते. तो गुण म्हणजे शिकवत असताना स्वतःचे शिकणे चालू ठेवणे.

ओहमचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. त्यांचे शालेय शिक्षण नव्हते, पण स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान शिकून त्यांनी ते जॉर्ज आणि मार्टिन या दोन्ही मुलांना घरीच शिकवले. मार्टिनही पुढे गणिती झाला. शाळेतल्या घोकंपट्टीपेक्षा हे घरचे शिक्षण कितीतरी सरस होते. बापाच्या कारखान्यात हातालाही वळण लागले, आणि ते पुढे फार उपयोगी पडले.

विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून १८०६ साली ओहम स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. परत येऊन १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठातल्या शिकवणीवर पोट भरेना. १८१३ साली बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी पत्करावी लागली. तिथे त्याचे मन रमले नाही. तरीही या काळात त्याने एक पुस्तक लिहिले, आणि त्याचा विषय वीज नव्हता, तर शाळेत भूमिती कशी शिकवावी हा होता. भूमितीकडे बुद्धीच्या घडणीचे साधन म्हणून पाहावे, ही त्यातली भूमिका. हे पुस्तक १८१७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कोलोन येथील जेझुइट शाळेत त्याला जागा मिळाली.

या शाळेत दोन गोष्टी चांगल्या होत्या : विज्ञान शिकवण्याची आस्था आणि उपकरणांनी सुसज्ज प्रयोगशाळा. पुढे थोर गणिती म्हणून नावाजलेला डिरिक्ले याच शाळेत ओहमचा विद्यार्थी होता. शिकवता शिकवता ओहमने फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ अभ्यासायला घेतले. १८२० साली ओर्स्टेडने वीजप्रवाहाने चुंबकसूची वळते असे दाखवल्यावर शाळेच्या उपकरणांवर त्याचे स्वतःचे प्रयोग सुरू झाले. त्याचा प्रश्न साधा होता : तार लांब केली तर प्रवाह किती कमी होतो?

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. त्यात लांबी आणि प्रवाहातील घट यांचा संबंध लघुगणकाच्या रूपात मांडला होता. तो बरोबर नव्हता. एक अडचण विद्युतघटाची होती. त्या काळच्या घटाचा जोर वापरता वापरता कमी होत जाई, त्यामुळे तारेचा परिणाम कोणता आणि घटाचा कोणता हे वेगळे करता येईना. मासिकाचा संपादक पोगेनडोर्फ याने सुचवले की, घटाऐवजी नुकताच माहीत झालेला सीबेकचा परिणाम वापरून पाहा. ओहमने सूचना मानली. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की तापमानांतील फरक कायम राहतो आणि विजेचा जोरही स्थिर राहतो. धातूच्या पट्टीला टांगलेली चुंबकसूची प्रवाहाने वळली की पट्टी उलट पिळून ती मूळ जागी आणायची. जितका पीळ, तितका प्रवाह. कारागिराच्या मुलाच्या हाताला हे काम परके नव्हते.

जानेवारी १८२६ मध्ये त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. एका दिवशी मिळालेले पिळाचे आकडे अनुक्रमे असे : ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५ आणि ४८.५. यावरून त्याने सूत्र बसवले : ७२८५ ला (२०.२५ + तारेची लांबी) याने भागा. २ इंचांसाठी उत्तर ३२७.४ येते, १८ इंचांसाठी १९०.५ आणि १३० इंचांसाठी ४८.५. यातील २०.२५ म्हणजे मंडलाच्या उरलेल्या भागाचा रोध, इंचांत मोजलेला. सांध्यांच्या तापमानांतला फरक कमी केला की वरचा आकडा बदलतो, खालचा तोच राहतो. आपण फळ्यावर लिहितो तो नियम मुळात या रूपात होता. आधीचा निष्कर्ष टिकत नाही हे दिसताच तो सोडून देऊन ओहमने नवा निष्कर्ष त्याच विद्वानांपुढे ठेवला.

त्याची किंमत मात्र त्याने मोजली. संशोधन पुरे करण्यासाठी अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला गेला. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला, पण जर्मनीत त्याचे स्वागत थंडपणे झाले. हवी ती मान्यता आणि जागा मिळाली नाही. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे तुटपुंज्या शिकवणीवर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले, आणि म्यूनिक विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद लाभले तेव्हा १८५२ साल उजाडले होते. १८५४ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याचे शेवटचे पुस्तक आले. ते विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पदार्थविज्ञानाचे पाठ्यपुस्तक होते. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला दिलेले त्याचे नाव मान्य झाले.

प्रत्येक शिक्षकाने नवा नियम शोधावा असे आम्ही म्हणणार नाही. पण आपण शिकवतो त्या विषयात आपला स्वतःचा असा एक तरी प्रश्न असावा, आपल्या हाताने घेतलेले मोजमाप असावे, आणि ते जुळले नाही तर मुलांसमोर तसे म्हणता यावे. ज्याचे शिकणे थांबले, त्याच्या तोंडून मुलांना उत्तर ऐकायला मिळते, पण ते कसे शोधायचे हे दिसत नाही.

दुसरी बाब संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. बांबेर्गचा ओहम आणि कोलोनचा ओहम हा एकच माणूस. फरक पडला तो प्रयोगशाळेच्या किल्लीने आणि थोड्या मोकळ्या वेळाने. शिक्षकाकडून गुणांची अपेक्षा करायची, आणि त्याचा मोकळा तास हजेरीपटात आणि तक्त्यांत घालवायचा, उपकरणे फुटतील म्हणून कपाटाला कुलूप ठेवायचे, हे एकत्र चालणार नाही.

पुढच्या वेळी हा धडा घेताना समीकरण आधी लिहू नका. ओहमचे आठ आकडे फळ्यावर मांडा, मुलांना आलेख काढू द्या आणि लांबी दुप्पट केल्यावर पीळ निम्मा का होत नाही, एवढेच विचारा. एखादा तास त्यातच जाईल. तो वाया गेला असे समजू नका.