सायकलवरची बाटली

फेब्रुवारी 1941. ऑक्सफर्डच्या साउथ पार्क्स रोडवर सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीची विटांची इमारत आहे. तिच्या दारातून तुम्ही आत शिरता. युद्धामुळे संध्याकाळ झाली की खिडक्या काळ्या पडद्यांनी झाकाव्या लागतात. आतल्या एका खोलीत बुरशीचा दमट, कुबट वास भरलाय. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या मुली चिनी मातीची चपटी, पांढरी भांडी मांडणीवर रचताहेत. प्रत्येक भांड्यात बोटभर उंचीचं द्रव, त्यावर करड्या-हिरव्या बुरशीची जाड साय. सायीखालचं पिवळसर पाणी त्या अलगद ओढून घेतात, कारण पेनिसिलिन त्या पाण्यात असतं. या भांड्यांआधी इथे इस्पितळातली बेडपॅनंसुद्धा वापरून झाली आहेत.

शेजारच्या खोलीत नॉर्मन हीटली उभा आहे, अवघा तिशीचा. त्याचं यंत्र नीट बघून घ्या. ग्रंथालयातून काढून टाकलेल्या पुस्तकांच्या कपाटाची लाकडी चौकट, काचेच्या नळ्या, उलट्या टांगलेल्या बाटल्या, आणि बाटली रिकामी झाली की वाजणारी दाराची घंटा. बुरशीचं पाणी थंड करून तो त्यात आम्ल घालतो. आम्लात पेनिसिलिन पाणी सोडून अमाइल ॲसिटेटमध्ये उतरतं. (पिकल्या केळ्याचा वास येतोय ना? तो याच द्रावकाचा.) मग हेच द्रावक जवळजवळ उदासीन पाण्याशी गाठ घालून दिलं की पेनिसिलिन परत पाण्यात येतं आणि बरीचशी घाण मागे राहते. कामाला घाई हवी आणि गारवाही हवा, कारण आम्लात हा रेणू फार तग धरत नाही. पोटातल्या आम्लातही त्याची तीच गत होते, म्हणून ही मंडळी औषध तोंडाने देत नाहीत. पुढे 1945 साली नोबेल तिघांना मिळेल: पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग, इथल्या गटाचा प्रमुख फ्लोरी आणि त्याचा सहकारी चेन. हीटलीचं नाव त्यात नसेल. मला ते आजही खटकतं. बुरशीत औषध आहे हे कळणं एक आणि ते हाती लागेल इतकं काढता येणं दुसरं, आणि हे दुसरं काम बऱ्याच अंशी या माणसाचं आहे.

आता रॅडक्लिफ इन्फर्मरीत चला. खाटेवर अल्बर्ट अलेक्झांडर आहे, 43 वर्षांचा पोलीस शिपाई. चेहरा आणि डोकं गळवांनी भरलंय, एक डोळा काढावा लागलाय, पू फुप्फुसापर्यंत पोचलाय. सल्फा औषधं हरली आहेत. 12 तारखेला तरुण डॉक्टर चार्ल्स फ्लेचर त्याच्या शिरेत 200 मिलिग्रॅम पेनिसिलिन सोडतो आणि पुढे दर तीन तासांनी 100. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागतो. चारपाच दिवसांत माणूस जेवण मागतो. खाटेभोवतीचे डॉक्टर एकमेकांकडे बघताहेत. असं काही त्यांनी याआधी पाहिलेलं नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून त्या खोलीत कुणालाच न दिसणारी गोष्ट तुम्हाला दिसते. गळवातला स्टॅफिलोकॉकस दुभंगून दोन होण्याच्या तयारीत आहे. त्याच्या आत दाब प्रचंड आहे आणि तो पेलते बाहेरची भिंत. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडव्या जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, अशी तिची बांधणी. दुवे जोडायचं काम एक विकर करतं. दुव्याच्या टोकाला ॲलानिनची जोडी असते, ती ओळखून विकर तिला पकडतं, एक ॲलानिन सोडून देतं आणि शेजारच्या साखळीशी गाठ मारतं. पेनिसिलिनचा रेणू नेमका या जोडीसारखा दिसतो. विकर फसतं, त्याला धरतं. पेनिसिलिनच्या मध्यावर चार अणूंचं एक कडं आहे, बीटा-लॅक्टॅम. ते इतकं ताणलेलं असतं की पकडताक्षणी उघडतं आणि विकराला घट्ट चिकटतं. कुलपात किल्ली तुटून राहावी तसं ते विकर कायमचं निकामी होतं. भिंत वाढायची थांबते, पण जुनी भिंत जागोजाग कापणारी विकरं चालूच असतात. जिवाणू फुटतो. अलेक्झांडरच्या स्वतःच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून त्यांना धक्का लागत नाही.

हे गणित 1965 साली सुटेल. त्या कड्याचा आकारसुद्धा अजून कुणाला ठाऊक नाही. डोरोथी हॉजकिन याच ऑक्सफर्डमध्ये क्ष-किरणांनी तो 1945 मध्ये पक्का करील.

पण रक्तातल्या पेनिसिलिनच्या मागे लागा, म्हणजे खरी अडचण कळेल. निरोगी माणसात साधारण अर्ध्या तासात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींवर वाहक प्रथिनं असतात. सेंद्रिय आम्लं रक्तातून उचलायची आणि लघवीत टाकायची, हे त्यांचं रोजचं काम. पेनिसिलिनही आम्लच. ती त्याला भराभर उचलतात आणि बाहेर काढतात, बहुतांशी जसंच्या तसं, न मोडता.

जसंच्या तसं! म्हणूनच वॉर्डातली परिचारिका लघवीची बाटली ओतून टाकत नाही. बाटल्या जमा होतात, सायकलवर चढतात आणि डन स्कूलकडे निघतात. तुम्हीही त्या सायकलमागे जा. थंडीनं हात सुन्न होताहेत. प्रयोगशाळेत ती लघवी पुन्हा आम्लात, द्रावकात, पाण्यात, अशी त्याच चक्रातून जाते. मिळालेलं पेनिसिलिन त्याच माणसाच्या शिरेत परत. खरं ते किती उरलं, हे हीटलीच्या बशीत कळतं: जिवाणू पेरलेल्या आगरवर काचेच्या आखूड नळ्या उभ्या करायच्या, त्यांत थेंब घालायचे, रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी जिथे औषध असेल तिथे नळीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ. लघवीच्या थेंबाभोवतीही ते वर्तुळ उमटतं. मोजपट्टी लावून हीटली त्याचा व्यास वहीत लिहितो.

1950 च्या सुमारास याच वाहकांना अडवणारं प्रोबेनिसिड नावाचं औषध येईल आणि पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ टिकेल. मग बेन्झाथिन पेनिसिलिन येईल, स्नायूत साचून आठवडेच्या आठवडे थोडं थोडं झिरपणारं. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या आपल्याकडच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी 12 लाख युनिटचं इंजेक्शन मिळतं, ते हेच. यातलं काहीही 1941 च्या त्या वॉर्डात पोचवता येत नाही.

डन स्कूलच्या आणखी एका टेबलाशी थांबा. तिथे एर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम काम करतात. अलेक्झांडरला पहिली सुई टोचली त्याच्या दीडेक महिना आधी, डिसेंबर 1940 मध्ये, ‘नेचर’मध्ये त्यांचं एक छोटं टिपण छापून आलंय: एका आतड्यातल्या जिवाणूच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारं विकर सापडलं. त्याचं काम असं, की तेच ताणलेलं कडं तेही उघडतं, पण अडकून राहत नाही. पाण्याचा एक रेणू घालून तुटलेलं पेनिसिलिन झटकून टाकतं आणि पुढचं पकडतं. भिंत बांधणाऱ्या विकराचा आणि याचा फरक एवढाच, आणि त्यानेच पुढचा इतिहास ठरला. औषध रोग्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याचा काळ लिहून ठेवलेला होता. 1948 पर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बरना निम्म्याहून जास्त स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिन चालेनासं झालेलं दिसेल. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यातल्या ऑगमेंटिन 625 मध्ये 500 मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल असतं. हे दुसरं त्या विकराला स्वतःवर ओढून घेतं, म्हणजे पहिल्याला भिंतीपर्यंत पोचता येतं. अशी गोळी दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून मध्येच सोडून देताना या टेबलाची आठवण ठेवा.

तिकडे वॉर्डात अलेक्झांडरच्या उपचाराच्या पाचव्या दिवशी साठा संपतो. सगळं मिळून जेमतेम साडेचार ग्रॅम होतं. लघवीतून परत मिळवलेलंही संपलं, कारण प्रत्येक फेरीत थोडं हरवतंच. काही दिवस अलेक्झांडर तग धरतो, मग फुप्फुसातला संसर्ग पुन्हा उसळतो. 15 मार्चला तो जातो. औषध हरलं नव्हतं, ते पुरलं नाही, हे फ्लोरीला कळतं. यापुढे शक्यतो लहान मुलांनाच घ्यायचं, असं ठरतं. त्यांच्या छोट्या शरीराला औषध कमी लागतं.