तिच्या खांद्याची रायफल

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मी बायकोला सरळच विचारलं, काय हवं? सोनं नको म्हणाली, पैठण्या दोन आहेत, तिसरी नेसायची कुठे. मग थोडं थांबून म्हणाली, "मला एक पॉइंट टू-टू रायफल घ्या. जुनी चालेल, पण देखणी हवी. आणि ऑटो असू दे, दर गोळीला बोल्ट ओढत बसायला नको."

मला नवल वाटलं नाही. आम्ही दोघंही कोल्हापूरचे. कॉलेजात ती एनसीसीत होती आणि फायरिंगच्या दिवसाची तिची आठवण अजून ताजी आहे: पोटाखालची ताडपत्री, कोपरांना टोचणारे खडे, आणि शेवटी हातात आलेला निशाणाचा कागद. त्या कागदावरची पाच भोकं एका रुपयाखाली झाकली जात. तो कागद तिच्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये अजून आहे. २०१० साली आमच्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीत, विश्वविजेती झाली तेव्हा ही इथे टेक्सासात, सान अंतोनियोच्या घरात, रडली होती.

आम्ही दुकानात गेलो. काउंटरमागच्या माणसाने माझ्याकडे बघून विचारलं, "मिसेससाठी का?" आणि गुलाबी दस्त्याची रायफल काढून माझ्याच हातात दिली. हिने ती माझ्याकडून घेतली, खांद्याला लावली, गाल टेकवला आणि खाली ठेवली. "दस्ता लांब आहे," एवढंच म्हणाली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर जास्त झालं की मान पुढे ताणावी लागते, गाल लाकडावर नीट बसत नाही, डोळा माशीच्या रेषेत येत नाही. पाच फूट एक इंचाच्या बाईसाठी रंगाआधी हे बघायला हवं. त्या माणसाने रंग आधी बघितला.

तिथून मी वाचायला लागलो. बायकोसाठी रायफल निवडण्याची अमेरिकेतली रीत किती जुनी आहे, ते मला बघायचं होतं. आणि सगळ्यांत चांगली गोष्ट माझ्याच गावात, सान अंतोनियोत, सापडली.

अ‍ॅडॉल्फ टेपरवाइन १८६९ सालचा, जवळच्या बर्नी गावात जन्मलेला. पुढे मंचावर आणि जाहिरातींत त्याने आडनाव टॉपरवाइन केलं. बाप बंदुका बनवणारा कारागीर, पण मुलगा तेरा वर्षांचा असताना गेला. अ‍ॅडॉल्फ सान अंतोनियोच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा, मग सर्कशीत नेमबाजी दाखवायला लागला. १९०१ च्या सुमारास विंचेस्टर कंपनीने त्याला पगारावर घेतलं. काम एकच, गावोगाव फिरून कंपनीच्या रायफली काय करतात ते लोकांना दाखवायचं. पत्र्यावर गोळ्यांनी भोकं पाडत तो माणसाचं चित्र काढायचा. त्याच्या आडनावाचा रस्ता शहराच्या ईशान्येला आहे. बावीस वर्षं मी त्या रस्त्याने जातो, पाटीकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

कंपनीच्या कामासाठी तो कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात जायचा. तिथे काडतुसांच्या विभागात एलिझाबेथ सर्व्हेटी नावाची मुलगी कामाला होती. १९०३ मध्ये त्यांचं लग्न झालं. दिवसभर काडतुसं हाताळणाऱ्या या मुलीने तोवर एक गोळी झाडलेली नव्हती! नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली आणि थोड्याच आठवड्यांत ती त्याच्या बोटांत धरलेले खडूचे तुकडे उडवायला लागली. डब्याला गोळी लागली की ती ओरडायची, "आय प्लिंक्ड इट!" लागलेल्या डब्याचा तो 'प्लिंक' आवाज तिच्या नावाला चिकटला आणि ती जन्मभर प्लिंकी टॉपरवाइन राहिली. अमेरिकेत आजही डबेबाटल्यांवर सहज केलेल्या नेमबाजीला प्लिंकिंग म्हणतात.

लग्नानंतर वर्षभरात, १९०४ च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनात, तिने हवेत फेकलेल्या एक हजार मातीच्या तबकड्यांपैकी ९६७ फोडल्या. १९०६ मध्ये न्यू जर्सीत सी गर्टच्या मैदानावर ती लष्करी रायफलीवर मार्क्समन म्हणून पात्र ठरली, असं करणारी पहिली बाई. १९१६ मध्ये अलाबामातल्या मंटगमरीत दोन हजारांपैकी १,९५२ तबकड्या तिने काही तासांत फोडल्या. शॉटगनचा दणका तितका वेळ खांद्यावर घ्यायचा म्हणजे काय, ते ज्याने पन्नास बार काढलेत त्याला कळेल.

याच जोडप्याच्या काळात आणि याच कारखान्यात सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू जन्माला आली. माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे मला तिच्यातली युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंचेस्टरचा थॉमस क्रॉसली जॉन्सन याने केलेलं ते १९०३ चं मॉडेल. गोळी पुढे सुटते तेव्हा तोच दाब रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो. मागचा ठोकळा जड ठेवलेला, त्याच्यामागे स्प्रिंग. गोळी नळीतून निघून जाईपर्यंत ठोकळा हलत नाही म्हणावं इतका सावकाश हलतो, मग मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना नवीन काडतूस आत सारतो. चाप एकदा ओढला की गोळी एकच, पण पुढची तयार. काडतुसं दहा, दस्त्यातल्या नळीत. अडचण काजळीची होती. त्या काळी पॉइंट टू-टूची साधी काडतुसं अजून काळ्या दारूचीही मिळत आणि त्या काजळीने ही नाजूक हालचाल अडकली असती. म्हणून जॉन्सनने काडतूसच वेगळ्या मापाचं केलं, फक्त धूरविरहित दारूचं, म्हणजे चुकीचं काडतूस आत जाणारच नाही. चूक करायला जागाच ठेवायची नाही, ही कारागिरी मला फार आवडते.

डिसेंबर १९०७ मध्ये सान अंतोनियोच्या जत्रेच्या मैदानावर अ‍ॅडॉल्फने याच रायफलीने दहा दिवस हवेत फेकलेले लाकडी ठोकळे उडवले. ७२,५०० ठोकळे, चुकले नऊ. हा आकडा १९५९ पर्यंत टिकला. तो मागे टाकणारीही सेमी-ऑटोमॅटिकच, रेमिंग्टनची नायलॉन ६६, दस्ता लाकडाचा नसून नायलॉनचा.

प्लिंकी १९४५ मध्ये गेली, तोवर दोघं एकत्र खेळ करत होते. चाळीस वर्षं त्याने हातात धरलेल्या वस्तूवर तिने नेम धरला. मला या सगळ्या आकड्यांपेक्षा ती गोष्ट मोठी वाटते. त्यांच्याआधीची नेमबाज अ‍ॅनी ओकली आणि तिचा नवरा फ्रँक बटलर यांचंही तसंच. तो स्वतः नावाजलेला नेमबाज, सामन्यात तिच्याकडून हरला, तिच्याशी लग्न केलं आणि पुढे तिचा व्यवस्थापक झाला. १९२६ मध्ये ती गेली आणि अठरा दिवसांनी तो. या नवऱ्यांनी बायकोच्या हातात शोभेची वस्तू दिली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युवाल्डी गाव आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. २४ मे २०२२ ला तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत एका अठरा वर्षांच्या मुलाने एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. हातात होती सेमी-ऑटोमॅटिक रायफल, वाढदिवसानंतर लगेच विकत घेतलेली. माझी बायको शाळेत शिकवते. त्या आठवड्यात ती वर्गाचं दार आतून कसं लागतं ते पुन्हा पुन्हा तपासत होती. 'सेमी-ऑटोमॅटिक' हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात सहज उच्चारला जात नाही. रायफल घ्यायची ठरली तेव्हा ती म्हणाली, "मला काळी नको, लष्करी दिसणारी नको. आणि आधी कपाट आणा, मग रायफल." भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलेलं पोलादी कपाट आधी आलं. किल्ली तिच्याकडे असते.

तीन महिने शोधून तिनेच निवडली. जॉन मोझेस ब्राउनिंगच्या आराखड्याची, बेल्जियममधल्या हेर्स्टाल इथे एफएन कारखान्यात बनलेली जुनी सेमी-ऑटो. १९१४ पासून तिथे ही रायफल होत आली, सत्तरच्या दशकाच्या मध्यात जपानच्या मिरोकू कंपनीकडे गेली. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. मधोमध पीळ दिला की दोन तुकडे होतात आणि लहान पेटीत मावतात. दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, बाजूला काडतुसं भरायचं भोक. पोलादावर बारीक वेलबुट्टी कोरलेली. मी भिंग लावून बघितली. वळणावर छिन्नी जिथे उचलली तिथे रेघ केसासारखी संपते आणि डाव्या बाजूचं पान उजव्या पानाशी अगदी सारखं नाही. हात तिथे दिसतो.

एफएनच्या कारखान्यातल्या बायका मात्र वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिल्या. यंत्रांवर तेलात हात घालून काम करणाऱ्या त्या बायकांना 'फॅम-माशीन', यंत्रबाया, म्हणत. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांतल्या सुमारे तीन हजार जणी संपावर गेल्या. समान कामाला समान मजुरी, एवढीच मागणी, आणि ती १९५७ च्या रोम करारात लिहिलेली होती. बारा आठवडे कारखाना अडला. तासाला पाच फ्रँक वाढ मागितली होती, पावणेतीन मिळाले. उद्यमनगरात वडिलांच्या शेजारच्या शेडमध्ये कास्टिंग घासायला बायका येत. त्यांची हजेरी पुरुषांपेक्षा कमी असे आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. आज वाटतं. आमची रायफल संपाच्या आधीची की नंतरची, हे तिने मला दोनदा विचारलं.

या रायफलीचा दस्ताही तिला थोडा लांबच होता. मी तो कापणार नव्हतो, मूळ लाकूड तसंच राहावं असं मला वाटत होतं. पण तिने पेन्सिलने खूण केली, "इथपर्यंत. मला टांगून ठेवायची नाहीये." मी टेप लावून बारीक दातांच्या करवतीने पाऊण इंच कापलं, पॉलिश केलं. कापलेली चकती तिने ठेवून घेतली, निशाणाच्या कागदाच्या फाइलमध्ये.

पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा एक गोष्ट कळली. या रायफलीची रिकामी पुंगळी बाजूला उडत नाही, खालून पडते. तोंडाजवळ काही येत नाही, पण पुढे धरलेल्या डाव्या हाताची बाही सैल असेल तर पुंगळी थेट आत जाते, आणि ती गरम असते. तिसऱ्या गोळीला तिने "आई गं!" म्हणून नळी समोरच ठेवत रायफल बाकावर टेकवली, बाही झटकली. पितळेची एक पुंगळी टिणकन सिमेंटवर पडली. तिने ती उचलून हातात फिरवली, कुर्त्याच्या बाहीचं बटण लावलं आणि पुन्हा गाल टेकवला.