प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंग म्हणजे काय? ‘कऱ्हाड’ का सापडत नाही, यावरून समजून घ्या

समजा, तुम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बसगाड्यांसाठी एक छोटं ॲप बनवताय. वरच्या बॉक्समध्ये गावाचं नाव टाकायचं, खाली गाड्या दिसायच्या. सांगली, मिरज, तासगाव, वाई, फलटण टाकून पाहिलं, सगळं ओके. मग एका मित्राने त्याच्या फोनवर ‘कऱ्हाड’ टाकलं आणि उत्तर आलं: एकही गाव सापडलं नाही. यादीत तर कऱ्हाड डोळ्यांसमोर दिसतंय!

गडबड त्या अर्ध्या र मध्ये आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह (क्रमांक ०९३१) आणि पुढे हलन्त. दुसरा जुना मार्ग म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं जोडचिन्ह. कऱ्हाड आणि कर्‍हाड डोळ्यांना सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र पहिल्यात ६ चिन्हं आहेत, दुसऱ्यात ७. ‘साताऱ्याला’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या सगळ्यांचं हेच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन प्रकार एक करत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून तुम्ही एक फंक्शन लिहिता. त्याला ‘सारखं-कर’ म्हणू. त्याची कामं दोन: जुन्या पद्धतीचा र नव्या पद्धतीत बदलायचा, आणि उरलेली न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकायची. आता घाईत तुम्ही क्रम उलटा लिहिलात. आधी जोडचिन्हं काढली, मग र बदलायला गेलात. पण जोडचिन्हच गेल्यावर जुना र ओळखणार कसा? ‘कर्‍हाड’चं ‘कर्हाड’ होतं, ‘दर्‍या’चं ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्या शोधणाऱ्याला तुम्ही समुद्रावर पाठवलंत.

सांगली-मिरज वाली टेस्ट हे पकडणार नाही, कारण त्या नावांत तो र नाहीच. हाताने लिहिलेल्या टेस्टची अडचण हीच असते. आपल्या डोक्यात आलेलीच उदाहरणं आपण तपासतो, आणि बग बहुतेक वेळा डोक्यात न आलेल्या उदाहरणात बसलेला असतो.

प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंगमध्ये उदाहरणं तुम्ही देत नाही. तुम्ही नियम देता, म्हणजे ‘प्रॉपर्टी’: कोणताही मजकूर आला तरी अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. उदाहरणं कॉम्प्युटर स्वतः बनवतो आणि नियम मोडायचा प्रयत्न करतो. ही पद्धत लोकप्रिय केली ‘क्विकचेक’ने. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातले कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल या फंक्शनल भाषेसाठी त्यावर पेपर मांडला. क्विकचेक एका नियमासाठी साधारण १०० यादृच्छिक उदाहरणं चालवून बघतं.

आता नियम कोणता लावायचा? सगळ्यांना पहिला सुचतो तो असा: ‘सारखं-कर’ दोनदा चालवलं तरी उत्तर एकदा चालवल्यासारखंच यावं. नियम छान आहे, पण आपलं चुकीचं फंक्शनही त्यात पास होतं! दर वेळी तेवढंच चुकीचं उत्तर देतं ना. नियम लिहिला म्हणजे काम झालं असं नाही.

दुसरा नियम जास्त कडक आहे. कोणताही मजकूर घ्या, त्यातला प्रत्येक नवा र जुन्या पद्धतीने लिहा, मग दोन्हींवर ‘सारखं-कर’ चालवा. उत्तरं सारखी आलीच पाहिजेत. इथे फंक्शन अडकतं.

पण एक गोम आहे. सगळ्या युनिकोडमधून चिन्हं उचलली तर ‘ऱ’ आणि हलन्त शेजारीशेजारी येण्याची वाट बघत म्हातारे व्हाल. म्हणून उदाहरणं बनवणारा जनरेटर स्वतः लिहायचा: २० मराठी चिन्हांची पेटी, त्यात ‘ऱ’, हलन्त आणि जोडचिन्ह घातलेलं. मग कुठल्याही जागी ही जोडी येण्याची शक्यता ४०० त १. मजकूर थोडे लांब ठेवले तर १०० उदाहरणांत ती बहुधा सापडतेच. माझ्या मते या पद्धतीतली खरी मेहनत इथेच आहे, नियमात कमी आणि जनरेटरमध्ये जास्त.

डीबगिंगची मजा पुढे. समजा नियम मोडणारा मजकूर २३ चिन्हांचा निघाला, सगळा गिचमिड. तो बघून काय कळणार? म्हणून टूल ‘श्रिंकिंग’ करतं. चिन्हं कमी करत, परत परत टेस्ट चालवत, नियम मोडणारं छोटं उदाहरण शोधतं. आपल्या बाबतीत शेवटी उरतं फक्त ‘ऱ्’, दोन चिन्हं. बग कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

असं कापत जायला फंक्शन ‘शुद्ध’ असलेलं बरं, म्हणजे तोच इनपुट दिला की तेच उत्तर. ‘सारखं-कर’ मध्येच सर्व्हरला काही विचारत असेल किंवा घड्याळ बघत असेल, तर एकदा मोडलेला नियम पुढच्या वेळी मोडेलच असं नाही, आणि श्रिंकिंग भरकटतं. फंक्शनल प्रोग्रॅमिंगवाल्यांकडे ही पद्धत आधी रुजली त्याचं एक कारण हे. तुम्ही कोटलिन किंवा पायथन लिहीत असलात तरी मजकूर साफ करणारा भाग नेटवर्कच्या भागापासून वेगळा ठेवा.

अशा बगची किंमत किती असते? फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनमधली ॲप्स बंद पडत होती. देवनागरी आणि बंगालीतल्या काही जोडण्यांनीही तेच व्हायचं, आणि तिथेही एक न दिसणारं चिन्ह गुंतलेलं होतं. ॲपलने आयओएस ११.२.६ मध्ये ते दुरुस्त केलं.

करून बघायचं असेल तर हॅस्केलच शिकायला हवं असं नाही. पायथनसाठी ‘हायपॉथेसिस’, जावास्क्रिप्टसाठी ‘फास्ट-चेक’, स्कालासाठी ‘स्कालाचेक’ आहे, आणि कोटलिनच्या ‘कोटेस्ट’मध्येही ही सोय मिळते. हायपॉथेसिस नापास झालेलं उदाहरण जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच आधी चालवतं, त्यामुळे दुरुस्ती खरंच झाली का ते लगेच कळतं. आपल्या ॲपमध्ये दोन ओळींचा क्रम बदला, टेस्ट परत चालवा, आणि मग मित्राला ‘कऱ्हाड’ टाकायला सांगा.